विलायती इंजिनातला आपला माणूस

माझी उंची पाच फूट नऊ इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे रामायण झालं ते या उंचीमुळे झालं. तसंही मला पहिल्यांदा भेटलेला माणूस अर्ध्या मिनिटात तेच विचारतो. शाळेत मला कायम शेवटच्या बाकावर बसवलं. लग्नाच्या वेळी बघायला आलेली मंडळी मी चहाचा ट्रे घेऊन आले की आधी वर बघायची आणि मग एकमेकांकडे. "मुलगी चांगली आहे हो, पण जरा..." हे 'पण जरा' मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते वाक्य मीच पूर्ण करून द्यायला लागले. ज्याने होकार दिला तो माझा नवरा माझ्यापेक्षा दोन इंचांनी कमी आहे. लग्नात फोटोवाल्याने हळूच सुचवलं, वहिनी, साडीच्या आत गुडघे जरा वाकवा. मी म्हटलं, तुम्ही स्टुलावर चढा. चढला बिचारा.

आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात राहतो. नोकरी वसई पूर्वेला, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. खाली लोखंडाचं दुकान, वर आमचं ऑफिस, मागे पत्र्याची एक मोकळी शेड. रोज स्कूटीने जाते-येते. मी चेकर आहे असं सांगितलं की लोकांना तिकीट तपासणारी वाटते. तसं नाही. दुसऱ्यांनी काढलेली यंत्रांची ड्रॉइंग मी तपासते. चुका काढते, लाल खुणा करते, परत पाठवते. चूक उरली नाही अशी खात्री पटली की ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत माझी आद्याक्षरं टाकते. ती पडली की तो कागद कारखान्यात जातो आणि त्याचं लोखंड होतं. त्यानंतर काही चुकलेलं निघालं, तर काढणाऱ्याला कोणी विचारत नाही, चेकरला विचारतात.

हे काम मी बत्तीस वर्षं केलं. आधी मुंबईत वॅगन बांधणाऱ्या एका कारखान्यात, लाकडी ड्रॉइंग बोर्डावर, पदर खोचून. तो कारखाना बंद पडला, बोर्ड भंगारात गेले आणि मी इथे आले, कॉम्प्युटरवर. आमचे मालक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात, आणि मनात आम्ही एकमेकांना काय म्हणतो ते सोडा. माणूस वाईट नाही. अकरा जणांची चूल त्यांच्या जिवावर पेटते, आणि म्हणून गिऱ्हाईक समोर आलं की त्यांची मान आपोआप हलायला लागते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आम्हाला एक इंग्लंडचं काम मिळालं. अमेरिकेत चालणारं एक डिझेल इंजिन एका इंग्रज कंपनीला इंग्लंडच्या रुळांवर चालवायचं होतं. रुळांची रुंदी दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे चाकं बसत होती. अडचण वरच्या धडाची होती. इंग्रजांनी रेल्वे जगात सगळ्यांच्या आधी बांधली आणि तेव्हा गाड्या होत्या चिमुकल्या. त्या मापाने पूल बांधले, बोगदे खणले, प्लॅटफॉर्म रुळांना चिकटवले. आता दुसऱ्या कुठल्याही देशाचं इंजिन तिथे आणा, त्याचं डोकं पुलाला लागतं आणि कुशी प्लॅटफॉर्मला घासतात. आपल्याकडे रेल्वे टाकली तेव्हा मात्र त्यांनी हात सैल सोडला होता. आपलं साधं मालगाडीचं इंजिनसुद्धा त्यांच्या बोगद्यातून जाणार नाही. दीडशे वर्षं राज्य केलं, पण आपलं इंजिन काही त्यांच्या घरात मावत नाही, असं मी ऑफिसात म्हटलं तेव्हा सगळे खूप हसले.

तर आमचं काम होतं त्या अमेरिकन धिप्पाडाला या मापात बसवायचं. उंची दोन-अडीच फूट कमी करायची. छताचे दोन्ही कोपरे तासायचे, कारण तिकडे पूल कमानीचे. खालच्या अंगाला पायऱ्या आत घ्यायच्या. आणि हे सगळं करताना आतलं इंजिन तेवढंच ठेवायचं, कारण ताकद कमी झालेली कोणालाच नको होती. आमच्या पोरापोरींनी सहा महिने जीव ओतून ते काम केलं. टाक्या चपट्या केल्या, पंखे आडवे झोपवले, पाइप वळवले. मी एकेक ड्रॉइंग तपासत होते आणि खरं सांगते, मला मजा येत होती. ठासून भरलेल्या बॅगेत अजून एक साडी बसवण्यात जी मजा असते ना, ती.

ड्रायव्हरची केबिनही अशीच दाबली. मूळ इंजिनात तिथली थंड हवेची मशीन छतावर, बाहेर बसवलेली होती. छत खाली आल्यावर ती बाहेर ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून ती खोक्यासारखी आतून छताला टांगली. ड्रायव्हरच्या खुर्चीमागे, उठून दाराकडे जायच्या वाटेवर. कॉम्प्युटरमध्ये एक माणसाचा पुतळा असतो. त्याला खुर्चीत बसवायचं, उभं करायचं, चालवायचं, आणि कुठे लागत नाही ना बघायचं. पुतळा उभा राहिला. डोक्यावर, खोक्याच्या खाली तीन इंच जागा शिल्लक. मी त्या ड्रॉइंगवर आद्याक्षरं टाकली. तिकडच्या कंपनीनेही ते मंजूर केलं.

मग मालकांच्या डोक्यात आलं की केबिनचा खराखुरा, पूर्ण मापाचा नमुना लाकडात उभा करायचा आणि व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकाला दाखवायचा. पुढचं काम मिळवायचं होतं ना. सुतारांना सांगितलं तर ते म्हणाले, महिनाभर तरी जमणार नाही. शेवटी आमच्यातल्या कोणीतरी वसईजवळच्या वटार गावातल्या एका मांडववाल्याला आणलं. साठीचा माणूस, क्रिस्तांव म्हणजे इथला ख्रिस्ती, आयुष्यभर लग्नाचे मांडव आणि नाताळात येशूच्या जन्माचे गोठे उभे केलेला. बांबू, प्लाय आणि काथ्या एवढ्यावर तो वाट्टेल ते उभं करतो. मी त्याला मापांचे कागद दिले. त्याने ते बघितले, घडी घातली आणि खिशात ठेवले.

"यात बसनार कोन?" त्याने मला विचारलं.

"ड्रायव्हर."

"तो कुठाय? त्याला आना, उभा करा. मी माणूस बघून दार बांधतो, बाय. आमच्यात नवरा छत्रीखालून मांडवात येतो. छत्रीवाला केवढा आहे ते आधी विचारतो मी, मग दार. कागदावर बांधलं आनि छत्री अडकली तर लोक मला शिव्या देतात, कागदाला नाय."

मी हसले. म्हटलं, तो ड्रायव्हर इंग्लंडमध्ये आहे, तुम्ही कागदाप्रमाणेच बांधा. त्याने खांदे उडवले आणि कामाला लागला. आठवड्याभरात शेडमध्ये प्लायची केबिन उभी राहिली. खुर्ची, काचांच्या जागी मोकळ्या चौकटी, आतून टांगलेलं खोकं, मागचं दार. बाहेरून करडा रंगसुद्धा दिला होता. सगळं ऑफिस खाली आलं. एकेक जण आत गेला, खुर्चीत बसला, हात पुढे करून गाडी चालवल्यासारखं केलं, फोटो काढून घेतले, उठला, बाहेर आला. मालक बसले. त्यांना फारच आवडलं.

मग मी आत गेले. बसले. छान वाटलं. उठले, दाराकडे वळले आणि खोक्याची कड खाडकन कपाळावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर हशा पिकला. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्या मापाच्या नाहीच."

मीही हसले. काय करणार, सवय आहे. पण जिन्याने वर जाताना कपाळ चोळत होते आणि एकदम पाय थांबले. आमच्या ऑफिसात माझ्या उंचीचं कोणी नाही हे खरं. पण हे इंजिन आमच्या ऑफिसातलं कोणी चालवणार नव्हतं. इंग्लंडमधल्या चारचौघा बाप्यांत उभी राहिले तर मी कोणाच्या डोळ्यावर येणार नाही, तिथे सर्वसाधारण माणूसच माझ्याएवढा असतो. म्हणजे मी उंच नव्हते. मी त्या केबिनच्या मापाची अगदी मधली होते. मग पुतळ्याचं डोकं का लागलं नाही?

जागेवर जाऊन मी ती फाइल उघडली. पुतळ्यावर जाऊन त्याची माहिती बघितली. उंची पाच फूट पाच इंच. देश, भारत. खोकं होतं पाच फूट आठ इंचांवर.

वर्षभरापूर्वी आम्ही इथल्याच एका गिऱ्हाइकासाठी बसच्या सीटचं काम केलं होतं. तेव्हा भारतीय पुतळा लावलेला, तो तसाच राहिला. सहा महिने आम्ही त्या इंजिनाचा एकेक कोपरा इंग्लंडच्या पुलांसाठी तासला, त्यांच्या प्लॅटफॉर्मसाठी पायऱ्या आत घेतल्या, आणि चालवायला मात्र आपला माणूस बसवला. त्याला सगळं मस्त बसलं. आणि हे बघायचं काम ज्या बाईचं, ती मी. पाइपचा अर्धा मिलिमीटर मला दिसतो. चार इंचांनी बुटका ड्रायव्हर दिसला नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की मी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून कोणाला कळलंय?"

"नाही. फक्त मला."

"खोकं वर नेता येईल?"

"वर पूल आहे."

"मग?"

"ड्रायव्हरच्या पुढे, काचेखाली, इंजिनाच्या नाकात बसेल. पण तिथल्या ब्रेकच्या नळ्या हलवाव्या लागतील. तीन आठवड्यांचं काम."

त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाला, "आमच्याकडे एका गाडीत सीटच्या वरचा दांडा चुकीचा लागला होता. ड्रायव्हर काही बोलले नाहीत. मान वाकडी करून चालवायची सवय केली त्यांनी. ड्रायव्हर लोक तक्रार करत नाहीत गं, सवय करतात. पुढे दोघांच्या मानेला पट्टे आले."

मला जेवण गेलं नाही. एक इंजिन तीस-चाळीस वर्षं चालतं. तेवढी वर्षं तिकडची माणसं त्या खुर्चीतून उठताना वाकणार, दाराकडे जाताना वाकणार, दिवसातून शंभर वेळा, आणि त्यांना वाटणार की केबिन असतेच अशी. कोणी केलं हे, त्यांना कधी कळणारही नाही. दुसऱ्याच्या मापाच्या दारातून वाकून जाणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सरळ सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. उठून त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, ड्रॉइंग मंजूर झालंय. त्यांनीही बघितलंय."

"त्यांनी आपल्या सहीवर विश्वास ठेवून बघितलंय."

"उद्या कॉल आहे. नमुना दाखवायचाय. आपण आता चूक सांगितली तर पुढचं काम जाईल. अकरा माणसं आहेत आपल्याकडे."

"तिकडे ड्रायव्हर किती आहेत?"

त्यांनी आवाज खाली आणला. मला तो खालचा आवाज अजिबात सहन होत नाही. "हे बघा, काम सुरू झाल्यावर ते स्वतःच म्हणतील, इथे डोकं लागतंय. तेव्हा बदलू. त्यांच्या सांगण्यावरून बदलू. तुमच्या नावालाही धक्का नाही. उद्या फक्त एक करा. कॉलच्या वेळी तुम्ही वरच थांबा. खाली बाकीचे आहेत."

म्हणजे मला लपवायचं होतं. चौपन्नाव्या वर्षी. माझ्या उंचीमुळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून काहीतरी गेलं असतं, पण मी गिळलं, कारण चूक माझीच होती आणि चुकलेल्या माणसाने आवाज चढवू नये असं मला वाटतं. मी फक्त म्हटलं, "बघू," आणि बाहेर आले. मालकांना वाटलं, मी ऐकलं.

कॉल दुपारचा होता. शेडमध्ये कॅमेरा लावला, मोठा पडदा लावला. पडद्यावर तिकडची चार माणसं. तीन सूट घातलेली आणि एक कडेला, पांढऱ्या दाढीचा, जाड स्वेटरवाला. मालकांनी ओळख करून घेतली तेव्हा कळलं की तो निवृत्त ड्रायव्हर आहे, ड्रायव्हर लोकांच्या वतीने केबिन बघायला बसवलेला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. आमच्यातला एक जण आत जाऊन बसला, उठला, दाराकडे गेला. सूटवाले खूश. मालक इंग्रजीत सांगत होते की केबिन किती ऐसपैस झाली आहे.

मी खाली उतरले, शेडमध्ये गेले आणि कोणाला काही न विचारता केबिनमध्ये चढले. मालकांनी मला हातानेच वर जायची खूण केली. मी खुर्चीत बसले. मग उठले, वळले आणि खोक्याला कपाळ टेकवून उभी राहिले. वाकले नाही. तशीच, कपाळ प्लायला लावून, कॅमेऱ्याकडे मान फिरवली.

पडद्यावरचा तो म्हातारा पुढे झुकला आणि त्याने विचारलं, तुमची उंची किती? मी सांगितली. तो म्हणाला, मी तुमच्यापेक्षा एका इंचाने जास्त आहे.

माझं इंग्रजी फाडफाड नाही. पण जेवढं होतं त्यात मी सांगितलं. आमच्या कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर भारतीय होता. तुमचा नव्हता. ते ड्रॉइंग मी तपासलं, मला ते दिसलं नाही, मी सही केली. खोकं पुढे नाकात जाऊ शकतं. तीन आठवडे लागतील.

एका सूटवाल्याने खाली मान घातली आणि काहीतरी लिहायला लागला. दुसऱ्याने विचारलं, दार तरी बरोबर आहे का? तेही मीच सांगितलं. दार बरोबर होतं. म्हाताऱ्याने आपल्या बाजूच्या माणसाला काहीतरी म्हटलं. तो आवाज आम्हाला आला नाही. मग त्यांनी तीन आठवडे दिले आणि कॉल संपवला. पुढच्या कामाबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

मालक त्या दिवशी माझ्याशी बोललेच नाहीत. आम्ही कामाला लागलो. खोकं नाकात गेलं, नळ्या बाजूने वळवल्या, पुतळा बदलला. नवा पुतळा, अंगापिंडाने थोराड असा विलायती माणूस, उभा करून मी स्वतः दहादा बघितला. केबिनभर फिरवला. कुठे लागत नव्हतं. खरंच सांगते, तो पडद्यावर ताठ चालत गेला ना, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी बघितलं नाही ते बरं झालं.

मग खरी लढाई आली. ड्रॉइंगवर वरच्या बाजूला बदलांची एक पट्टी असते. काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. इंजिन रुळांवर आहे तोवर ते ड्रॉइंग जपून ठेवतात आणि त्याबरोबर ती पट्टीही. मालकांनी मला बोलावलं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा नीट बोलले. चहा मागवला होता.

"मॅडम, कारणाच्या जागी 'ग्राहकाच्या सूचनेनुसार' असं टाका."

"त्यांनी सूचना केली नाही. आपण चुकलो."

"मी त्यांच्याशी बोललोय. त्यांची हरकत नाही. त्यांनीही मंजूर केलं होतं ना, त्यांनाही ते नकोच आहे कागदावर. उलट तपासणीची चूक असं लिहिलं, तर त्यांच्या नियमाप्रमाणे चेकर बदलावा लागतो. मग तुम्ही चेकर राहणार नाही. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

खरं होतं ते. या वेळी ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते आणि मला त्यांचा राग येईना, त्यामुळे जास्तच जड गेलं. बत्तीस वर्षं. ती दोन अक्षरं सोडली तर मी होते कोण? त्या ऑफिसातली एक उंच बाई.

मी चहा प्यायले. मग म्हटलं, "सर, उद्या यांना जास्त थंड हवा लागेल. मोठं खोकं लागेल. ते नाकात बसणार नाही. तेव्हा कोणीतरी हे ड्रॉइंग उघडेल आणि बघेल की खोकं आधी छताला होतं, मग गिऱ्हाइकाच्या लहरीखातर खाली आणलं. तो काय करेल?"

"परत वर नेईल," मालक म्हणाले. लगेच म्हणाले. इंजिनियर आहेत ते, शेवटी.

"मग मी काय लिहू?"

मी उठून माझ्या जागेवर गेले आणि लिहिलं. खोकं छताखालून पुढच्या नाकात हलवलं. कारण: मूळ आराखड्यात ड्रायव्हर चार इंचांनी बुटका धरला होता, उभा राहिल्यावर डोकं लागतं, तपासणीत हे सुटलं, खोकं छताला परत नेऊ नये. आणि पुढे माझी आद्याक्षरं.

पुढच्या महिन्यात माझ्या कॉम्प्युटरवरून तपासणीची परवानगी काढून घेतली. काही समारंभ नाही. सकाळी आले, मशीन लावली आणि मंजुरीचं बटण दाबायला गेले तर दबत नव्हतं. पुढचं काम आम्हाला मिळालं, पण दुसऱ्या चेकरच्या नावावर. तो पुण्याहून आलेला, चाळिशीचा, शांत स्वभावाचा माणूस, माझीच खुर्ची त्याला दिली. मी खिडकीशेजारी बसते आणि नळ्या धरून ठेवायच्या लहान पट्ट्या काढते. माझ्या ड्रॉइंगवर आता तो लाल खुणा करतो. वाईट वाटतं का? वाटतं. काही दिवस दुपारचा डबासुद्धा मी शेडमध्ये एकटी जाऊन खायचे. मालक अजून मला मॅडम म्हणतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात. सोड ती नोकरी, असं नवऱ्याने दोनदा सुचवलं. मी म्हटलं, का सोडू? मी काही चोरी केली नाही. चूक केली आणि सांगितली. जिथे केली तिथेच बसणार.

गेल्या पावसाळ्यात त्या इंजिनाची पुढची आवृत्ती आली. थंड हवेची मशीन मोठी हवी होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, माझा संबंधच नव्हता. एका दुपारी तो चेकर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात केबिनच्या ड्रॉइंगची छापील प्रत. आमच्या लोकांनी मोठं खोकं छताला टांगलं होतं, दुसरीकडे जागाच नाही म्हणून. तो त्यावर सही करायला बसला होता आणि त्याआधी त्याने वरची पट्टी वाचली होती.

माझ्या आद्याक्षरांवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"हो," मी म्हटलं. "ती चूक माझी."

त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मग मी हे परत पाठवतो," तो म्हणाला. खिशातलं लाल पेन काढून त्याने तिथेच, माझ्या टेबलावर, छताच्या त्या खोक्यावर फुली मारली.